हातचा एक

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून आणलं तिनं,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
दाराची घंटी वाजली तेव्हा मी चष्मा शोधत होतो,
आणि तो कपाळावरच होता.

"भाव सांगा," ओदिल रेंकिन म्हणाली,
"छप्पर गळतंय. दुरुस्तीवाला अर्धे आगाऊ मागतो."

लिएजमध्ये दर दुसऱ्या घराच्या माळ्यावर
असं एक रिव्हॉल्व्हर निघतं,
आणि प्रत्येकाला वाटतं, आपलंच एकुलतं.

मी आधी हात पुसतो.
मग रिकामं आहे ना, ते बघतो.
चाळीस वर्षं रिकामीच निघालीत, तरी बघतो.
लंबगोलात तीन अक्षरं, वर मुकुट नाही:
म्हणजे अठराशे त्र्याण्णवच्या आधीचं.
पिनेच्या काडतुसांचं, सहा घरांचं.
मूठ अक्रोडाची, एका अंगाला चीर.
घोडा जड. दोनदा ओढला, दोनदा अडला.

नळीचा निळा रंग मात्र साफ गेलेला.
"आजोबा दर रविवारी घासायचे," ती कौतुकानं म्हणाली,
"मिस्सा चुकेल, पण हे नाही.
आधी राख, मग बारीक वाळू,
मग आजीचा जुना पायमोजा."
काय सांगू तिला?
दर रविवारी थोडे थोडे पैसे
पुसून टाकत होते तुसाँ आजोबा.
आमच्या धंद्यात गंज चालतो, माया चालत नाही.

"झाडलेलं नाही हं कधी. एकदाही.
घरात सगळ्यांना ठाऊक आहे."
मी मान हलवली. गिऱ्हाईक हेच म्हणतं.
दिव्याखाली चक्र फिरवलं.
एक घर स्वच्छ. दुसरं स्वच्छ.
तिसरं, चौथं, पाचवं, जसं कारखान्यातून आलं तसं.
सहाव्यापाशी बोट थांबलं.
भिंती खाल्लेल्या,
देवीच्या व्रणांसारखे खड्डे.

काळी दारू उडाली की क्षार मागे राहतात;
त्याच संध्याकाळी धुवावं लागतं.
आयुष्यभर बाहेरून घासणाऱ्या माणसानं
हे एक घर आतून धुतलंच नव्हतं.

शाळेत बेरीज शिकवताना सांगायचे,
पाच लिही, हातचा एक.
तो पुढच्या घरात नेऊन मिळवायचा असतो.
इथे कोणी मिळवला नव्हता.

सांगावं की नाही?
किमतीत फरक पडतो, म्हणून सांगितलं.
भिंग तिच्या हातात दिलं.

बराच वेळ बघत राहिली.
बाहेर बस गेली, काचा थरथरल्या.
"खाणीत एक घोडा होता," ती म्हणाली.
"बिजू. जमिनीखाली अकरा वर्षं.
पाय मोडला त्याचा, तेव्हा आजोबा म्हणाले,
आर्देनच्या कुरणात पाठवलाय,
एवढं गवत बघून लाजला म्हणे.
मी सहा वर्षांची.
दर उन्हाळ्यात हट्ट धरायचे, भेटून येऊ या ना.
आणि दर उन्हाळ्यात त्यांना
नेमकं काहीतरी काम निघायचं."

असेल. घोडाच असेल.
लोखंड इतकंच सांगतं, एकदा.
कुणावर, ते त्याला विचारायची सोय नाही.

मी कागद भरला. तीनशे वीस युरो.
चीर, घासलेली नळी, एका घराला खड्डे.

"त्या एकाचे किती कापलेत?"

"चाळीस."

"चाळीस," ती म्हणाली,
आणि हसली, किंवा तसं काहीतरी.

मग अभ्रा पसरला,
चारी टोकं नीट आत घेतली, डब्याचं झाकण दाबलं.
"आणि छप्पर?" मी विचारलं.
"बादली आहे."

दारापर्यंत गेली, परत वळली.
"धुवायचं म्हणालात ना? साबण लावू का?"

"साबण नको. नुसतं उकळतं पाणी.
आणि लगेच कोरडं करा."